झिपऱ्याचं डोकं

केस कापण्यात एवढं काय आहे हो! एक कात्री, एक कंगवा आणि समोर गप्प बसलेलं एक डोकं. संपलं! माझ्या मामाचं चांगलं मोठ्या आरशांचं सलून आहे. शाळेच्या प्रत्येक सुट्टीत मी तिथल्या बाकावर मुक्काम ठोकून असायचो. मामा कात्री कशी धरतो, कानाशी आला की श्वास कसा रोखतो, शेवटी मानेवर पावडर उडवून टॉवेल कसा झटकतो, सगळं मला तोंडपाठ! आता प्रत्यक्ष कात्री हातात घ्यायची वेळ कधी आली नव्हती, हे खरं. पण तेवढं एक सोडलं तर माझं शिक्षण पूर्ण झालेलं होतं.

त्यामुळे आमच्या जहाजावरचा न्हावी मधल्याच एका बंदरात हात मोडून घरी गेला, तेव्हा सगळी पोरं हवालदिल झाली आणि मी मात्र निवांत होतो.

हो, जहाजावरचा! ते सांगायचं राहिलंच. आमच्या कॉलेजचं एक सत्र त्या वर्षी जहाजावर भरत होतं. वर्ग, लायब्ररी, खानावळ, परीक्षा, सगळं पाण्यावर. एका बंदराहून दुसऱ्या बंदराला जायचं, वाटेत अभ्यास करायचा, बंदरात उतरून शहर बघायचं आणि परत आल्यावर त्यावर निबंध खरडायचा. नातेवाइकांना सांगताना हे फार भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात फळ्याजवळ ठेवलेला खडू घरंगळत दारापर्यंत जातो, आणि इतिहासाच्या तासाला निम्मा वर्ग ओठ घट्ट मिटून खिडकीबाहेर बघत असतो. सरांना वाटायचं, पोरं विचारात गढली आहेत!

माझा केबिनमधला जोडीदार म्हणजे झिपऱ्या. त्याचं खरं नाव हजेरी सोडली तर कुठेच वापरलं जात नव्हतं. उंचापुरा, लाजाळू, आणि डोक्यावर केसांचा असा संभार की पहिल्या दिवशी तो झोपलेला बघून मला वाटलं, याने दुसरी उशी तोंडावर घेतली आहे. बोलायचा कमी. पण एकदा शब्द दिला की संपलं. लायब्ररीतल्या बाईंना 'उद्या पुस्तक आणून देतो' म्हणाला होता, तर दुसऱ्या दिवशी ताप अंगात असताना चादर गुंडाळून पुस्तक द्यायला गेला!

तर एका सकाळी हा गृहस्थ आरशासमोर उभा राहून दोन्ही हातांनी केस खाली दाबत होता.

"काय रे, झाकण बसत नाहीये का?" मी विचारलं.

"ताई येणार आहे," तो म्हणाला. "पुढच्या बंदरात. धक्क्यावर घ्यायला येते म्हणाली."

आई लवकर गेल्यामुळे झिपऱ्याला त्याच्या थोरल्या बहिणीनेच वाढवलेलं. ती लग्न होऊन त्या लांबच्या शहरात गेली, तेव्हा हा शाळेत होता. मग कधी तिचं बाळंतपण, कधी याची परीक्षा, कधी आणखी काही. भेट म्हणून झाली नव्हती. फोनवर रोज बोलायची, पण फोनवरून काय डोक्यावर हात फिरवता येतो?

"असा बघून ओरडेल मला. आणि नेमका न्हावी पण गेला."

"न्हावी गेला, पण मी आहे ना!"

"तुला येतं?"

"अरे, माझ्या मामाचं सलून आहे सलून!"

बघा, यात खोटं एक अक्षर नव्हतं.

अडचण एकच होती. केबिनमध्ये असले उद्योग करायला बंदी होती, आणि माझ्या नावावर आधीच एक उद्योग जमा होता. काही दिवसांपूर्वी मी पलंगावरच शर्टाला इस्त्री करायला गेलो. टॉवेल धुमसला, धुराची घंटा वाजली, आणि सगळं कॉलेज लाइफ जॅकेट घालून डेकवर उभं राहिलं. काही जणांच्या अंगावर तर लाइफ जॅकेटशिवाय फारसं काही नव्हतं! तेव्हा जहाजाचे चीफ ऑफिसर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. आम्ही त्यांना मिशीसाहेब म्हणायचो. मिशी अशी, की दारातून आधी ती आत यायची आणि मागून साहेब यायचे.

"पुन्हा तुझं काही कानावर आलं," ते म्हणाले, "तर पुढच्या बंदरात जहाजाखाली पाऊल टाकायचं नाही. समजलं?"

मला समजलं होतं. म्हणून झिपऱ्याच्या गळ्यात चादर बांधता बांधता मी त्याला बजावलं, "हे बघ, कुणीही विचारलं तरी माझं नाव घ्यायचं नाही."

"नाही घेणार," झिपऱ्या म्हणाला.

तिथेच घात झाला!

खुर्ची दोन पलंगांच्या मधे ठेवली. कात्री होती कागद कापायची, पण कात्री ती कात्री. मी मामासारखी मान तिरकी केली, मामासारखं "हंऽऽ" म्हटलं आणि पहिला काप घेतला. सुरेख! दुसरा त्याहून सुरेख. तिसऱ्याला जहाज उजवीकडे कललं.

खुर्ची निघाली. झिपऱ्या खुर्चीसकट निघाला. मी कात्रीसकट त्याच्या मागे निघालो. कपाटावर आदळून आमची वरात थांबली, तेव्हा माझ्या मुठीत केसांचा भलामोठा पुंजका होता आणि झिपऱ्याच्या डाव्या कानावर एक स्वच्छ, चौकोनी अंगण.

"काय झालं?"

"काही नाही. स्टाइल आहे."

"मग दुसरीकडे पण कर."

केली. पण समुद्र काही दोन्ही बाजूंना सारखा हलत नाही. उजवीकडचं अंगण जरा वर गेलं. ते जुळवायला मी डावीकडचं वर नेलं. मग उजवीकडचं. अशी दोन्ही अंगणं वर चढत चढत शेवटी टाळूवर एकमेकांना भेटली! मग मी शेजारच्या केबिनमधून दाढीचं मशीन मागून आणलं. ते कपाळापासून निघालं, टाळूपर्यंत गेलं आणि चार्जिंग संपून तिथेच कण्हत बंद पडलं. आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. मी रेझर काढला.

सगळं आटोपलं तेव्हा झिपऱ्या गुळगुळीत झाला होता. म्हणजे बराचसा. मागच्या बाजूला दोनचार बेटं राहिली होती, पण ती त्याला दिसणार नव्हती.

त्याने आरशात बघितलं. बराच वेळ बघितलं. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "ताई ओळखेल ना रे?"

"न ओळखायला काय झालं! उलट चेहरा उघडा पडलाय!"

"आग होतेय."

थंड काहीतरी लावावं म्हणून मी बॅगेत हात घातला. निघताना आईने गुडघेदुखीचा बाम दिला होता. माझे गुडघे ठणठणीत होते, पण आईचं समाधान! लावल्यावर गार वाटतं, एवढं मला ठाऊक होतं. बोटाने त्याच्या डोक्यावर ठिकठिकाणी टिपके दिले आणि गोल गोल चोळले. झिपऱ्या ताडकन उभा राहिला. मग बसला. मग पुन्हा उभा राहिला. आणि बघता बघता त्याच्या डोक्यावर लालभडक गोल चट्टे उमटले, जणू कुणी शिक्के मारले आहेत!

राहता राहिले केस. कचऱ्यात टाकले तर सफाईवाले विचारणार. मी सगळे गोळा करून संडासात टाकले आणि बटण दाबलं. जहाजावरचे संडास हवेच्या जोरावर चालतात. खस्सकन आवाज होतो आणि आत असेल ते नाहीसं होतं. तेवढे केस ओढताना तो आवाज जरा लांबला, एवढंच. मी हात झटकले. पुरावा नष्ट!

दुसऱ्या दिवशी न्याहारीला झिपऱ्या टोपी घालून बसला. शेजारच्याच टेबलावर जहाजाच्या डॉक्टरीणबाई होत्या. बाई तब्येतीने बारीक, पण नजर अशी की कुणी पाठीमागे शिंकलं तर न वळता त्याचं नाव सांगतील. झिपऱ्याला राहवेना. त्याने खाजवण्यासाठी टोपी जराशी उचलली. बाईंचा चमचा हवेतच थांबला.

"केस कुठे गेले?"

झिपऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे बघितलं.

"गेले," तो म्हणाला.

"गेले म्हणजे? कसे?"

झिपऱ्याने घाम पुसला. "आपोआप."

"आपोआप! कधीपासून?"

"काल सकाळपासून."

"आणि एवढे सगळे कधी गेले?"

"जेवायच्या आत."

त्याला खोटं बोलायची सवय नव्हती. म्हणून एक खोटं बोलून झाल्यावर तो प्रामाणिकपणे सगळे तपशील खरे देत होता!

"दुखतं?"

"आग होते."

"खाज?"

"ती आज सुटली."

बाईंनी ताट बाजूला सारलं, रुमाल नाकाला लावला आणि उभं राहून म्हणाल्या, "याच्या केबिनमध्ये आणखी कोण राहतं?"

पुढच्या काही मिनिटांत आम्ही दोघं दवाखान्यामागच्या बंद खोलीत होतो. दोन खाटा, एक बंद दार आणि दवाखान्यात उघडणारी काचेची खिडकी. मत्स्यालयातल्या माशांसारखे आम्ही आतून बाहेर बघत होतो आणि बाई बाहेरून आत बघत होत्या. तुम्ही म्हणाल, डॉक्टरला बामाचा वास नाही आला? अहो, त्या खोलीत खाटेपासून पडद्यापर्यंत सगळ्याला तोच वास होता!

"गोल चट्टे असणारा आजार मला माहीत आहे," बाई काचेपलीकडून सरांना सांगत होत्या. सर म्हणजे आमचे इतिहासाचे सर. या सगळ्या सत्राचे प्रमुख तेच. "पण एका सकाळीत सगळे केस नेणारा प्रकार मी पहिल्यांदाच बघते आहे. हा पसरला तर?"

"पसरेल?" सरांनी विचारलं आणि नकळत त्यांचा हात कानामागे गेला.

मग जहाजभर स्पीकरवर घोषणा झाली. 'ज्यांच्या डोक्याला खाज सुटत असेल, त्यांनी ताबडतोब दवाखान्यात यावं.'

आता मला सांगा, हे वाक्य ऐकल्यावर कुणाच्या डोक्याला खाज सुटणार नाही? तुमच्या आत्ता सुटली ना?

दवाखान्याबाहेर रांग लागली. पोरं आली, पोरी आल्या, आचारी आले. कुणी बोटांनी खाजवतंय, कुणी पेनने. एक पोरगी तर कंगवाच घेऊन आली होती आणि मागच्याला उसना देत नव्हती. बाई एकेक डोकं भिंगातून तपासत होत्या. त्यांना कुठे चट्टा सापडत नव्हता, पण "सुरुवात असेल," असं म्हणून त्या प्रत्येकाला वेगळं बसवत होत्या. दुपारपर्यंत वर्गात शिकवायला फक्त सर उरले, आणि तेही भिंतीला डोकं घासत!

त्यात जहाजाचा प्लंबर बादली घेऊन आला. आमच्या मजल्यावरचे सगळे संडास एकदम तुंबले होते. त्याने हातमोजा घालून बादलीतून एक काळाभोर, ओला दोरखंड बाहेर काढला. तो निघतच राहिला.

"बाई, हे केस आहेत," तो दबक्या आवाजात म्हणाला. "एका माणसाचे नाहीत हे. अख्ख्या मजल्याचे असतील."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. माझाही पडला, पण काच धुरकट असल्यामुळे कुणाला दिसलं नाही.

संध्याकाळच्या आत कप्तानांचा निरोप आला, आणि तो घेऊन आले स्वतः मिशीसाहेब. जहाज बंदराबाहेरच उभं राहणार. किनाऱ्यावरचे डॉक्टर येऊन सगळी डोकी तपासणार. तोवर कुणीही उतरायचं नाही.

"तोवर म्हणजे किती दिवस?" झिपऱ्याने काचेला तोंड लावून विचारलं.

"आठवडा तरी. मग बहुतेक बंदर न घेताच पुढे जावं लागेल."

झिपऱ्या खाटेवर येऊन बसला. टोपी काढून हातात फिरवत राहिला.

"ताईने रजा काढलीय," तो थोड्या वेळाने म्हणाला. "तिला मिळत नाही रे रजा." आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

'तू खरं सांगून टाक,' असं तो म्हणाला नाही. नुसतं माझ्याकडे बघितलंही नाही. माणसाने एवढं चांगलं असू नये हो! समोरच्याची पार पंचाईत होते. मी त्याच्या पाठीकडे, त्या लाल शिक्के मारलेल्या डोक्याकडे, मागे राहिलेल्या माझ्या दोनचार बेटांकडे बघत बसलो. मग उठलो आणि काचेवर दोन्ही हातांनी धपाधप मारायला लागलो.

"केस मी कापलेत!" मी ओरडलो. "आजार बिजार काही नाही! मी कापलेत!"

बाई आल्या. सर आले. मिशीसाहेब जायला निघाले होते, तेही वळले. मी सगळं सांगितलं. ताईची भेट, खुर्ची, कात्री, अंगणं, रेझर, संडास, काही म्हणता काही लपवलं नाही; गडबडीत बाम तेवढा सांगायचा राहिला. माझं बोलणं संपल्यावर डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच माझ्याकडे मायेने बघून हसल्या.

"मित्राला भेटीला जाता यावं म्हणून आळ अंगावर घेतोस. गुणी आहेस. पण बाळा, औषधशास्त्रात हे चालत नाही."

"अहो, आळ नाही! खरंच मी कापले! यालाच विचारा ना!"

बाई झिपऱ्याकडे वळल्या. "याने कापले तुझे केस?"

झिपऱ्या उठून बसला. "मी कुणाचंही नाव घेणार नाही," तो म्हणाला.

"अरे घे ना! मीच सांगतोय, घे माझं नाव!"

"शब्द दिलाय."

"मी परत घेतो शब्द!"

"तू दिलाच नव्हतास. मी दिला होता."

सरांनी मान हलवली. "तसे याला केस भरपूर होते, हे मी बघितलंय."

"संडास तुंबतील एवढे?" बाईंनी विचारलं.

"त्या दृष्टीने मी कधी बघितलं नाही," सर म्हणाले आणि खाजवायला लागले.

आता मिशीसाहेब पुढे झाले. त्यांनी मिशीला एक पीळ दिला.

"सोपं आहे," ते म्हणाले. "तू कापले म्हणतोस ना? मग कापून दाखव."

"कुणाचे?"

"माझे. बंदराआधी मला कापायचेच होते. आणि एक सांगून ठेवतो. मुद्दाम वाकडे कापलेस तर मला कळेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या डेकवर एक घडीची खुर्ची मांडली. ज्यांच्या डोक्याला खाज होती ते एका बाजूला, ज्यांच्या नव्हती ते दुसऱ्या बाजूला. म्हणजे दुसऱ्या बाजूला फक्त प्लंबर होता. लांब किनाऱ्याची रेघ दिसत होती. झिपऱ्या दोरांच्या वेटोळ्याजवळ उभा राहून तिकडेच बघत होता. आणि समुद्र? चांदीचं ताट! एक लाट नाही, एक सुरकुती नाही. जहाज किनाऱ्याकडे सरकत होतं, पण जागेवर शिलाई मारून बसवल्यासारखं स्थिर.

मी कात्री उचलली. माझी अवस्था तुमच्या लक्षात येतेय ना? वाईट कापले तरच झिपऱ्या सुटणार होता. मुद्दाम वाईट कापले तर साहेबांना कळणार होतं. म्हणजे मला मनापासून प्रयत्न करून वाईट कापायचे होते! मी जीव ओतून कापायला लागलो. आता चुकेल, मग चुकेल. पण कसलं काय! कात्री लोण्यातून फिरावी तशी फिरत होती. कानामागची वळणं अशी बसली की मीच थक्क झालो. मानेवरची रेघ पट्टी लावून आखल्यासारखी आली. मामा असता तर त्याने दुकान माझ्या नावावर केलं असतं!

मी टॉवेल झटकला आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकून रडू येण्याची ती माझी पहिलीच वेळ.

"बघितलंत?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा हात ते डोकं करूच शकत नाही."

"अहो, तेव्हा जहाज हलत होतं!"

"जहाजं हलतातच, बाळा."

झिपऱ्या दोरांच्या वेटोळ्यावर खाली बसला. मला त्याच्याकडे बघवेना.

मिशीसाहेब मात्र आरसा हातात घेऊन डावीकडून बघत होते, उजवीकडून बघत होते. "वा! काय हात आहे! आता असं कर, मिशीची टोकंही जरा सारखी कर."

"नको, साहेब!"

"का नको?"

"मिशी नको, साहेब. हात जोडतो."

"अरे टोकंच घ्यायचीत! कर. हुकूम आहे."

त्यांनी डोळे मिटले आणि हनुवटी वर केली. मी श्वास रोखला. कात्री डाव्या टोकाशी नेली. आणि त्याच वेळी म्हणे जहाजाच्या समोर एक मासेमारीची नाव आडवी आली. वरून भोंगा वाजला आणि जहाजाने वळण घेतलं. हळूच. अगदी अलगद डेक एका बाजूला झुकला, घडीची खुर्ची वीतभर सरकली, आणि...

खच्च.

जहाज सरळ झालं. साहेबांच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला तोच जुना दरारा होता. डाव्या बाजूला कुणीतरी बँकेतला सज्जन कारकून बसला होता.

डेकवर कुणी श्वास घेईना. खाजवणारे हात डोक्यावरच थिजले. सर तर तोंड उघडं टाकून उभे होते. डॉक्टरीणबाई पुढे आल्या. त्यांनी चिमट्याने टॉवेलवरची ती अर्धी मिशी उचलली, उजेडात धरली. मग त्यांनी झिपऱ्याच्या डोक्याकडे बघितलं. पुन्हा मिशीकडे. पुन्हा डोक्याकडे.

"आता पटलं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी ओल्या कापसाने झिपऱ्याचं डोकं पुसलं आणि मोकळ्या हवेत त्या कापसाचा वास घेतला.

"हा बाम आहे का रे?"

झिपऱ्याने माझ्याकडे बघितलं. बामाबद्दल त्याने काही शब्द दिला नव्हता. "गुडघ्याचा," तो म्हणाला.

"गुडघ्याचा," बाई पुटपुटल्या आणि दोन्ही हातांनी डोकं धरून शेजारच्या बाकावर बसल्या. 'कसलाही आजार नाही,' अशी घोषणा झाली आणि त्या क्षणाला अख्ख्या जहाजाची खाज थांबली. "गंमतच आहे!" सर म्हणाले. "माझी खरंच होती हो!"

मिशीसाहेबांनी आरसा उचलला. किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. त्यांनी आरडाओरडा केला नाही, तेव्हा मीच पुढे झालो.

"साहेब," मी म्हणालो, "मी जहाजावरच थांबतो. उतरत नाही. शिक्षा म्हणून."

"नाही," ते शांतपणे म्हणाले. "तू उतर. तू जहाजावर थांबलास तर मला दिवसभर दिसशील. कात्री तिथे ठेव. हळू. उरलेली माझी मी काढेन."

अशा रीतीने आम्ही बंदराला लागलो! शिडीच्या तोंडाशी एक अनोळखी, गुळगुळीत चेहऱ्याचा गृहस्थ सगळ्यांना निरोप देत होता. दोन खलाशांनी त्याला "पास दाखवा," म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं. मी मान खाली घालून त्याच्यासमोरून सटकलो.

शिडी संपता संपता झिपऱ्याने माझा हात धरला. टोपी कानांपर्यंत ओढलेली.

"तू पुढे हो," तो म्हणाला. "तिला आधी समजावून सांग. एकदम बघितलं तर घाबरेल ती. ती बघ, पिवळी छत्री."

हे मात्र माझं कर्तव्यच होतं. धक्क्यावर माणसांची गर्दी होती, पण पिवळी छत्री एकच. छत्रीखाली एक बाई टाचा उंचावून आमच्या निळ्या स्वेटरांच्या लोंढ्यात कुणाला तरी शोधत होती. कॉलेजचे स्वेटर आम्हा सगळ्यांचे सारखेच. मी मनाशी वाक्यं जुळवली. ताई, घाबरू नका, तुमचा भाऊ सुखरूप आहे, केस काय परत येतात. न्हावी नसल्यामुळे माझेच केस इतके वाढले होते की ते डोळ्यांवरून सारखे करत मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"ताई..." मी म्हणालो.

पुढचं वाक्य तसंच राहिलं. छत्री खाली पडली आणि तिने मला घट्ट मिठी मारली.

"आलास! आलास रे बाबा! किती वाढलास! आणि हे केस काय हे, डोळ्यांत जातायत सगळे!" ती हसत होती, रडत होती, माझ्या डोक्यावरून हात फिरवत होती. "आवाजसुद्धा बदलला की रे तुझा!"

मी लगेच बोलायला हवं होतं. कबूल! पण घर सोडून कितीतरी आठवडे झाले होते आणि एवढ्या दिवसांत मला कुणी असं जवळ घेतलं नव्हतं. तिच्या साडीला कपाटातल्या घडीच्या कपड्यांचा वास येत होता. मी जरा वेळ तसाच उभा राहिलो. जरा म्हणजे... बऱ्यापैकी.

मागे कुणीतरी खाकरलं.

"ताई," झिपऱ्या म्हणाला, "मी इकडे आहे."

तिने माझ्या खांद्यावरून बघितलं. झिपऱ्याने टोपी काढली. तिने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा त्याच्याकडे. माझी बाही काही सोडली नाही.

"नक्की?" तिने मलाच विचारलं.

मी मान हलवली. तोवर तिकडे झिपऱ्याचा खालचा ओठ थरथरायला लागला होता. एवढा उंच बाप्या, पण रडताना अगदी लहान पोरासारखं तोंड वाकडं झालं त्याचं! ते बघितलं मात्र, आणि तिने माझी बाही सोडली. दोन पावलांत त्याच्यापाशी पोचली. दोन्ही तळवे त्याच्या त्या लाल, ओबडधोबड, उघड्या डोक्यावर ठेवले आणि ते खाली ओढून आपल्या खांद्यावर घेतलं. केसांबद्दल एक शब्द काढला नाही.

"जेवलास का?" तिने विचारलं.

तो नाही म्हणाला.

मी पडलेली छत्री उचलली, झटकली आणि हातात धरून बाजूला उभा राहिलो. शेवटी तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. डोळे पुसत, मला नखशिखान्त न्याहाळत तिने भावाला विचारलं,

"आणि हे कोण रे?"

मी छत्री तिच्यापुढे केली आणि दोन पावलं मागे सरलो, दुसऱ्याच्या नावाचं पार्सल उघडून बघितलेल्या माणसासारखा.